मेंढवाडा, पाणी आणि प्रश्न : ख्रिस्ती धर्मशिक्षणातील अनुभवाची जागा

ख्रिस्ती धर्मशिक्षण म्हटले की प्रश्नोत्तरी डोळ्यांपुढे येते. शिक्षक प्रश्न विचारतो, वर्ग एका सुरात उत्तर देतो, चुकलेल्याला पुन्हा म्हणायला लावतात. हा प्रकार फार प्राचीन असावा असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्याचा जम बसला तो छपाईच्या युगात. मार्टिन ल्यूथर यांची छोटी प्रश्नोत्तरी 1529 सालची. सॅक्सनीतल्या गावांत फिरताना लोकांना धर्माचे प्राथमिक ज्ञानही नसल्याचे त्यांना आढळले, आणि घरातल्या कर्त्या माणसाने मुलांना व नोकरांना शिकवता यावे म्हणून त्यांनी ती लिहिली. पाठोपाठ कॅथलिक बाजूनेही पीटर कॅनिसियस आणि रॉबर्ट बेलार्मिन यांच्या प्रश्नोत्तऱ्या आल्या. छापील, स्वस्त आणि सर्वत्र एकसारखा मजकूर ही त्या काळाची गरज होती आणि प्रश्नोत्तरीने ती चांगली भागवली. ख्रिस्ती परंपरेच्या सुमारे दोन हजार वर्षांपैकी तिच्या वाट्याला आली ती शेवटची पाचशे वर्षे. त्याआधी शिकवण्याचा क्रम बऱ्याच अंशी उलटा होता.

हा उलटा क्रम बायबलमध्येच सापडतो. निर्गम ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडण सणाचे नियम आहेत. कोकरू, बेखमीर भाकर, कडू भाजी. कंबर कसून, पायांत पायतण घालून, घाईघाईने जेवायचे. हे सगळे चालू असताना मुले विचारतील की या विधीचा अर्थ काय, आणि मग त्यांना मिसरातून झालेल्या सुटकेची हकिकत सांगायची, असे तिथे म्हटले आहे. कडू चव आधी, तिच्यामागची गोष्ट नंतर. शिवाय प्रश्न शिकणाऱ्याचा, शिकवणाऱ्याचा नव्हे. ज्यू घरांतून आजही त्या रात्री सर्वांत लहान मूल ठरलेले प्रश्न विचारते.

चौथ्या शतकातल्या यरुशलेममध्ये हीच रीत अधिक शिस्तीने पाळली जाई. बाप्तिस्मा घेऊ इच्छिणारे उपवासकाळात रोज धर्मशिक्षणाला बसत. विश्वासांगीकार त्यांना ओळीओळीने समजावून सांगत, तो पाठही करून घेत. पण बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांचा अर्थ मात्र राखून ठेवलेला असे. पुनरुत्थानाच्या सणाच्या रात्री त्यांना अंधाऱ्या दालनात नेत. पश्चिमेकडे तोंड करून सैतानाचा त्याग, मग पूर्वेकडे वळून विश्वासाची कबुली, अंगाला तेल, पाण्यात तीनदा बुडी. त्यानंतरच्या आठवड्यात, ख्रिस्ताच्या कबरीच्या जागेवर उभारलेल्या चर्चमध्ये, बिशप त्यांना त्या रात्री काय घडले ते उलगडून सांगत. बिशप सिरिल यांच्या नावावर असलेल्या या प्रवचनांत उशिराचे कारण दिले आहे: ऐकण्यापेक्षा पाहिलेले माणसाला जास्त पटते, म्हणून ते पाहून होईपर्यंत थांबलो. अनुभवाधारित धर्मशिक्षणाचे याहून नेमके समर्थन आधुनिक शिक्षणशास्त्रालाही क्वचितच जमले आहे.

आता शब्दांचा हिशेब. 'समग्र' आणि 'अनुभवाधारित' ही विशेषणे जोडीने येतात, पण ती एकच नव्हेत. समग्र म्हणजे शिकणाऱ्याचे डोके, हृदय आणि हात या तिघांना काम देणारे. हे त्रिकूट स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोत्सी यांच्यापासून रूढ आहे. धर्मशिक्षणात त्यात चौथी गोष्ट येते ती समाजाची, कारण ख्रिस्ती श्रद्धा एकट्याने पाळायची नसून मंडळीत जगायची असते. अनुभवाधारित म्हणजे शिकण्याची सुरुवात जगलेल्या, केलेल्या किंवा पाहिलेल्या गोष्टीतून होते आणि विचार तिच्या मागून येतो. जॉन ड्यूई यांनी 1938 मध्ये एक इशारा देऊन ठेवला आहे, तो धर्मशिक्षकांनी विसरू नये: प्रत्येक अनुभव शिकवतोच असे नाही, काही अनुभव पुढचे शिकणे अडवूनही धरतात. मुलांनी तासभर रंगीत कागद कापले एवढ्यावरून ती काही शिकली असे म्हणता येत नाही.

मराठी वाचकाला या विषयाचे एक उदाहरण घरचेच आहे. फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्यात आले तेव्हा हातातली घंटा वाजवत रस्त्यांतून हिंडत आणि मुलांना, गुलामांना गोळा करून चालीवर प्रार्थना शिकवत. गाणे होते, पण भाषा परकी आणि मजकूर सूत्रांचा. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात पोहोचले आणि साष्टी भागात राहिले. त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभीच एक प्रसंग येतो. धर्मशिक्षणाच्या वेळी नवख्रिस्ती लोकांपैकी एक जण पाद्रींपुढे अडचण मांडतो: प्रश्नोत्तरी ठीक आहे, पण आमची पूर्वीची पुराणे गेली, त्यांच्या जागी वाचायला-ऐकायला काय? या माणसाला मिळालेले उत्तर म्हणजे 1616 साली रायतूर येथे छापलेला दहा हजारांहून अधिक ओव्यांचा ग्रंथ. बायबलमधील कथा, उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंत, मराठी माणसाच्या कानाला सवयीच्या छंदात, मोठ्याने वाचण्यासाठी. स्टीफन्स यांनी कोकणी भाषेत प्रश्नोत्तरीही लिहिली; ती त्यांच्या मृत्यूनंतर 1622 मध्ये निघाली. दोन्हींची गरज त्यांनी ओळखली होती. तरी लोकांच्या तोंडी काय राहिले हे विचारले तर उत्तर ओव्यांच्या बाजूने जाते.

त्या घटनेची काळी बाजू लपवण्यात अर्थ नाही. लोकांची जुनी पुराणे गेली ती आपोआप नव्हे. पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली, ग्रंथ काढून घेतले. त्या पोकळीतूनच ती मागणी आली. एखाद्या समाजाचा अनुभव हिरावून घेऊन मग त्याला नवा अनुभव देणे, हा प्रश्न या विषयाच्या मुळाशी तेव्हापासून आहे.

पुढे एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळींत कीर्तन आले. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी पूर्वरंग आणि उत्तररंग ही रचना तशीच ठेवून त्यात बायबलमधील आख्याने बसवली. नारायण वामन टिळकांनी अभंग-भजनांनी ती परंपरा समृद्ध केली. कीर्तन ही समग्र पद्धतच होय: आधी तत्त्व, मग कथा, मध्ये संगीत, श्रोत्यांच्या टाळ्या, शेवटी सगळ्यांचे एकत्र गाणे. ते रचणाऱ्यांच्या हाती शिक्षणशास्त्राचे पुस्तक नव्हते; गावात माणूस धर्म कसा ऐकतो याची जाण मात्र पुरेपूर होती.

विसाव्या शतकात मुलांच्या धर्मशिक्षणाला नवी दिशा दिली ती मारिया माँटेसरी यांनी, आणि ती बहुधा त्यांच्या वाचकांच्या लक्षात येत नाही. बार्सिलोना येथील शाळेत त्यांनी मुलांच्या मापाचे प्रार्थनागृह उभारले. मुलांनी एका वाफ्यात गहू पेरला, दुसरीकडे द्राक्षवेली लावल्या. वेदीवरची भाकर आणि द्राक्षारस मातीतून येतो हे त्यांना शब्दांनी सांगावे लागले नाही. मुलांच्या या धार्मिक खोलीला माँटेसरी यांनी 'आत्रियम' म्हटले. प्राचीन चर्चच्या दारापुढची ती ओसरी, रस्ता आणि वेदी यांच्या मधली जागा.

या बीजाचे झाड केले सोफिया कावालेत्ती आणि जान्ना गोब्बी यांनी. कावालेत्ती या रोममधील हिब्रू भाषेच्या आणि बायबलच्या अभ्यासक. लहान मुलांशी त्यांचा काही संबंध नव्हता. 1954 मध्ये एका ओळखीच्या बाईंनी आपल्या सात वर्षांच्या मुलाला बायबल शिकवण्याची गळ घातली. त्यांनी नाइलाजाने उत्पत्तीचे पहिले पान उघडले. शिकवणी संपली तरी मूल उठेना आणि त्याचे डोळे भरून आले होते. हे काय घडले याचा शोध घेण्यात कावालेत्ती यांचे पुढचे अर्धशतक गेले. गोब्बी या माँटेसरी शिक्षिका. दोघींनी साहित्य बनवायचे, मुलांपुढे ठेवायचे आणि मुले ज्याला हात लावत नाहीत ते काढून टाकायचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालवला. त्यातून 'उत्तम मेंढपाळाचे धर्मशिक्षण' उभे राहिले. तीन ते सहा, सहा ते नऊ, नऊ ते बारा असे त्याचे तीन टप्पे आहेत.

त्यातला सर्वांत लहान मुलांचा पाठ जवळून पाहण्यासारखा आहे. बुटक्या मेजावर हिरव्या लाकडाची गोल पाटी, तिच्यावर कुंपण, कुंपणाला फाटक: हा मेंढवाडा. मेंढपाळाची एक सपाट लाकडी आकृती आणि दहा मेंढरे. शिक्षिका योहानाच्या शुभवर्तमानातला दाखला सावकाश वाचते. मेंढपाळ प्रत्येकाला नावाने हाक मारतो, पुढे चालतो, मेंढरे त्याचा आवाज ओळखतात. वाचताना ती एकेक मेंढरू फाटकातून बाहेर काढते, परत आत आणते, आणि थांबते. मेंढपाळ म्हणजे येशू आणि मेंढरे म्हणजे तुम्ही, हे ती सांगत नाही. मग साहित्य मुलाच्या स्वाधीन होते. चार वर्षांचे मूल तेच मेंढरू आठवडाभर आत-बाहेर करत राहील. त्याला घाई करायची नाही. पुढच्या पाठात तीच मेंढरे एका छोट्या वेदीभोवती येतात, आणि नंतर मेंढरांच्या जागी माणसांच्या आकृत्या ठेवल्या जातात. मेंढरू म्हणजे कोण, हे मूल तोवर स्वतःच सांगून मोकळे झालेले असते. लांडगा आणि भाडोत्री राखणदार ही पात्रे या वयात येत नाहीत. सुरक्षिततेची खात्री आधी, संकट मागाहून.

दुसरा पाठ त्याहून साधा. मिस्सेत धर्मगुरू द्राक्षारसात पाण्याचे काही थेंब घालतो. चर्चमध्ये बसलेल्यांपैकी निम्म्यांना ते दिसतही नाही. आत्रियममध्ये मूल तेच काचेच्या दोन लहान सुरयांनी करते. थेंब पडतात, मिसळतात. पाणी परत वेगळे काढता येईल का? काढता येत नाही. यावर शिक्षिका दोन वाक्ये बोलते, तीनही नाही. माणूस आणि ख्रिस्त यांच्या ऐक्याबद्दलची मोठमोठी पाने या दोन सुरयांपुढे फिकी पडतात, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या पद्धतीतली खरी अवघड गोष्ट साहित्याची नव्हे, शिक्षकाच्या संयमाची आहे. अर्थ सांगून टाकण्याचा मोह आवरला नाही तर सारा मेंढवाडा लाकडी खेळणे होऊन बसतो. खर्चाची सबबही पुढे केली जाते. माँटेसरी स्वतः 1939 मध्ये भारतात आल्या आणि युद्धकाळ त्यांनी इथेच काढला; पण त्यांच्या महागड्या साहित्याला गावातल्या वस्तूंचा पर्याय शोधून दाखवला तो ताराबाई मोडक यांनी, बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर. शंख-शिंपले, बिया, माती, करवंट्या यांनी तिथल्या बालवाड्या चालल्या. पालघर जिल्ह्यातल्या कोणत्याही चर्चला हे उदाहरण एका दिवसाच्या अंतरावर आहे.

अमेरिकेतील जेरोम बेरीमन यांनी कावालेत्ती यांच्या कामातून स्फूर्ती घेऊन 'गॉडली प्ले' नावाची पद्धत बांधली. ती मुख्यतः प्रोटेस्टंट मंडळ्यांत पसरली. गोष्ट सांगणारा जमिनीवर बसतो, वाळवंटाच्या कथेसाठी वाळूची पेटी उघडतो, आणि मुलांकडे न पाहता आकृत्यांकडे पाहत बोलतो, म्हणजे मुलांची नजरही तिथेच राहते. कथेनंतर कुतूहलाचे प्रश्न येतात: यातला कोणता भाग सर्वांत आवडला, कोणता सर्वांत महत्त्वाचा, तुम्ही या गोष्टीत कुठे आहात, यातले काय वगळले तरी चालेल? शेवटचा प्रश्न ऐकून जुन्या वळणाचे धर्मशिक्षक दचकतात. पण मुले सहसा काहीच वगळू देत नाहीत, आणि का नाही हे सांगताना कथेचा गाभा त्यांच्याच तोंडून बाहेर पडतो.

कुमारवयीन आणि प्रौढांसाठी वाट वेगळी आहे, कारण त्यांच्यापाशी स्वतःचे आयुष्य आहे आणि प्रश्न तिथूनच निघतात. थॉमस ग्रूम यांनी 1980 मध्ये मांडलेली पद्धत पावलो फ्रेरे यांच्या विचारांवर उभी आहे. गट आधी आपल्या सध्याच्या वागण्याला नाव देतो, ते तसे का आहे हे तपासतो, मग ख्रिस्ती परंपरेची कथा ऐकतो, दोन्ही एकमेकांसमोर धरतो, आणि शेवटी काय करायचे ते ठरवतो. अम्माऊसच्या वाटेवरील कथा हा ग्रूम यांचा नमुना: अनोळखी वाटसरू आधी दोघा शिष्यांना त्यांचे दुःख बोलू देतो, शास्त्र उलगडतो ते त्यानंतर. व्यसन, हुंडा, कर्ज, जमिनीचे वाद हे ज्या गावात रोजचे आहेत तिथे ही पद्धत लगेच पकड घेते. आणि तिथेच ती अवघडही होते, कारण पहिल्या पायरीवर खरे बोलावे लागते.

केनियात हा विचार शालेय अभ्यासक्रमातच शिरला. तिथे ख्रिस्ती धर्मशिक्षण हा शाळेत शिकवला जाणारा आणि परीक्षेचा विषय आहे, आणि 'जीवनपद्धती' या नावाने शिक्षकांना चार पायऱ्या शिकवल्या जातात: मानवी अनुभव, बायबलमधील अनुभव, स्पष्टीकरण, प्रतिसाद. अभ्यासक्रमात आफ्रिकी धार्मिक वारशाला स्वतंत्र जागा आहे. नामकरण, वयात येण्याचे विधी, पूर्वजांचे स्मरण हे विद्यार्थ्याचे अनुभव मानून तिथून सुरुवात होते. अडचण परीक्षेची. चार पायऱ्यांपैकी गुण मिळतात ते बहुतेक मधल्या दोन पायऱ्यांना, त्यामुळे अनेक वर्गांत पहिली पायरी दोन मिनिटांत उरकते आणि चौथी गृहपाठात जाते. भारतात बेंगळुरूचे राष्ट्रीय बायबल, धर्मशिक्षण व उपासना केंद्र 1967 पासून डी. एस. अमलोरपवदास यांच्या नेतृत्वाखाली याच दिशेने गेले. आरती, दिवा, जमिनीवर बसून प्रार्थना यांवर तिथे झालेले प्रयोग काहींना आपलेसे वाटले, काहींना हिंदूकरण वाटले. तो वाद अजून शमलेला नाही.

टीकेकडे वळायला हवे. ब्रिटनमध्ये रोनाल्ड गोल्डमन यांनी 1964 मध्ये मांडले की लहान मुले बायबलमधील प्रतिमांचा अर्थ शब्दशः घेतात आणि गोंधळतात, म्हणून घर, भाकर, मेंढरे अशा जीवनविषयांवर भर द्यावा. त्या भरात अनेक वर्गांत भाकर उरली, बायबल नाहीसे झाले. कॅथलिक जगातही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या दोन दशकांत अशी तक्रार वाढली की मुले चित्रे काढतात, गाणी म्हणतात, पण दहा आज्ञा सांगू शकत नाहीत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1979 च्या पत्रात पाठांतराला जागा हवीच असे स्पष्ट लिहिले आणि 1992 मध्ये नवी विस्तृत धर्मशिक्षणसंहिता आली. ही टीका निराधार नव्हती. मात्र ती कावालेत्ती किंवा बेरीमन यांना लागू पडत नाही. त्यांच्या वर्गांत बायबलचा मजकूर शब्दशः वाचला जातो. जिथे शिक्षकाची तयारी कमी आणि साहित्य जास्त होते, तिथल्या वर्गांना ती लागू पडते.

शाळा आणि चर्च यांतला फरकही इथे निर्णायक ठरतो. भारतीय संविधानाच्या 28 व्या अनुच्छेदानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते संमतीशिवाय, मूल अल्पवयीन असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, कोणावरही लादता येत नाही. म्हणूनच अनेक ख्रिस्ती शाळांत कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला आणि इतर मुले मूल्यशिक्षणाला बसतात. अनुभवाधारित पद्धतीत हा नियम जास्त काटेकोरपणे पाळावा लागतो. मेंढपाळाच्या कथेची माहिती देणे वेगळे आणि मेणबत्ती लावून मुलाला शांत बसवून प्रार्थनेत ओढणे वेगळे. पद्धत जितकी प्रभावी, तितकी संमतीची जबाबदारी मोठी. धर्माविषयी शिकणे आणि धर्मात वाढणे यांतली रेषा वर्ग सुरू होण्यापूर्वी आखलेली असावी.

चर्चच्या वर्षात अनुभवाचे साहित्य आयतेच पडलेले असते, आणि तेच सर्वांत दुर्लक्षित आहे. झावळ्यांच्या रविवारी वसईतली मुले झावळीच्या पात्यांचे क्रूस विणतात, घरी नेऊन तसबिरीमागे खोचतात. वर्षभरात ती पिवळी पडतात, कडक होतात. राखेच्या बुधवारापूर्वी ती परत चर्चमध्ये जमा होतात, जाळली जातात आणि तीच राख कपाळाला लागते. जयजयकार करणारे पान वर्षाने मातीचे स्मरण करून देते, हे वर्तुळ कितीतरी मोठ्यांनाही ठाऊक नसते, कारण पाने गोळा करून जाळण्याचे काम कोणीतरी मागच्या अंगणात उरकून टाकतो. तिथे मुलांना उभे केले, चिमूटभर राख हाताळू दिली, तर त्या आठवड्याचा धर्मशिक्षणाचा तास पूर्ण झाला. नाताळच्या गोठ्याचेही तसेच. फ्रान्सिस असिसीकर यांनी 1223 मध्ये ग्रेच्चो गावात खरा बैल आणि खरे गाढव आणून तो उभा केला, लोकांना बेथलेहेमची गरिबी डोळ्यांनी दिसावी म्हणून. आज गोठ्यांच्या स्पर्धा होतात, त्यात विजेची रोषणाई जिंकते, आणि बांधकाम काका-मामांकडे जाते. गव्हाणीत गवत ठेवण्याचे काम तरी मुलांकडे राहू द्यावे.

शेवटी मूल्यमापन. रविवारच्या वर्गांची वार्षिक परीक्षा अनेक ठिकाणी अजून लेखी असते आणि पालकांनाही गुणपत्रिका हवी असते. कावालेत्ती यांच्या परंपरेत परीक्षा नाही. शिक्षिका वहीत नोंद ठेवते: कोणत्या मुलाने आज काय हातात घेतले, किती वेळ, काय बोलले, काय चितारले. अशी वही ठेवायला वर्गात बारा-पंधरांहून जास्त मुले चालत नाहीत आणि शिक्षक दरवर्षी बदलून चालत नाही. जिथे चाळीस मुले, एक स्वयंसेवक आणि मिस्सेनंतरचा पाऊण तास एवढेच हाताशी आहे, तिथे पूर्ण आत्रियमचा हट्ट धरू नये. वर्षातून चार पाठ नीट करावेत: मेंढवाडा, मोहरीच्या दाण्याचा दाखला, पाण्याचे थेंब, राख. उरलेल्या रविवारी प्रश्नोत्तरी चालू ठेवायला हरकत नाही.